दुपारी पंखे बंद, संध्याकाळी सुरू: फॅन कंट्रोलरवर नेमके किती पंखे झेपतात?

ही तक्रार दरवर्षी येते आणि तिची वेळही ठरलेली असते. एप्रिल लागला, नाशिकचा पारा चाळिशीकडे सरकला, की सकाळी व्यवस्थित चाललेल्या कॉम्प्युटरमधले दोन-तीन पंखे दुपारी दोन-अडीचच्या सुमारास थांबतात. प्रोसेसर तापतो, मशीन मंदावतं, कधी स्वतःहून बंद पडतं. कॅबिनेट उघडेपर्यंत पंखे पुन्हा फिरू लागलेले असतात. मग दोष पंख्यावर जातो, नवा पंखा येतो, पहिली गरम दुपार आली की पुन्हा तेच.

अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमधली कॅड मशीन असोत, कॉलेज रोड-गंगापूर रोडवरचे एडिटिंगचे सेटअप असोत की सिडको, इंदिरानगरातले घरचे गेमिंग पीसी, अशा बहुतेक तक्रारींमध्ये एक गोष्ट समान सापडते. आत सहा ते दहा पंखे असतात आणि ते सगळे एकाच कंट्रोलरवर (पंख्यांचा वेग ठरवणारा बोर्ड) किंवा हबवर (एका जागेवरून अनेक पंख्यांना वीज वाटणारा बोर्ड) टाकलेले असतात.

पंखे थांबले आणि आपोआप परत सुरू झाले, हे लक्षण नीट लक्षात घ्या. पंख्याची मोटर किंवा बेअरिंग गेलं असेल तर तो पंखा अर्ध्या तासाने बरा होत नाही. एकाच चॅनेलवरचे, म्हणजे कंट्रोलरच्या एकाच वाटेवरून वीज घेणारे, दोन-तीन पंखे एकदम थांबत असतील तर ते एकाच वेळी खराब झाले असण्याची शक्यताही फारच कमी. तापून तुटायचं आणि थंड झालं की जोडायचं, हे काम कंट्रोलरच्या बोर्डावरचा पॉलिफ्यूज (थंड झाल्यावर आपोआप जुळणारा फ्यूज) करतो, किंवा त्या चॅनेलच्या आयसीमधलं थर्मल संरक्षण करतं. दोन्हींचा अर्थ एकच: तो चॅनेल झेपेल त्यापेक्षा जास्त तापतोय, बहुधा त्यातून जास्त करंट जातोय म्हणून.

पोर्ट मोजू नका, अँपिअर मोजा

हबवर दहा पोर्ट दिसले म्हणजे दहा पंखे चालतील, हा समज मुळातच चुकीचा. घरातल्या एक्स्टेंशन बोर्डला पाच सॉकेट आहेत म्हणून त्यावर पाच इस्त्र्या लावत नाही, तेच इथे. पोर्ट ही जोडण्याची सोय आहे. क्षमता तीन ठिकाणी ठरते आणि तिन्हींतली जी सगळ्यात कमी ती तुमची खरी मर्यादा.

पहिली, प्रत्येक चॅनेलची. कंट्रोलरच्या खोक्यावर ती ‘१० वॅट प्रति चॅनेल’ अशी लिहिलेली असते. वॅटला १२ ने भागलं की अँपिअर मिळतात: १० वॅट म्हणजे ०.८३ अँपिअर, २० वॅट म्हणजे १.६६, ३० वॅट म्हणजे २.५. मदरबोर्डच्या साध्या फॅन हेडरची, म्हणजे पंखा जोडायच्या पिनांची, मर्यादा बहुधा १ अँपिअर, म्हणजे १२ वॅट असते. काही बोर्डांवर लिक्विड कूलिंगच्या पंपासाठी वेगळं हेडर असतं आणि ते २ किंवा ३ अँपिअर देतं, पण हे अंदाजाने धरू नका. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये हेडरच्या नावापुढे आकडा छापलेला असतो, तोच घ्या.

दुसरी मर्यादा संपूर्ण कंट्रोलरची, सगळे चॅनेल मिळून. ही अनेकदा खोक्यावर नसते आणि फसगत इथेच होते. समजा सहा चॅनेल आहेत आणि प्रत्येकावर ३० वॅट लिहिलंय. बेरीज १८० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर १५ अँपिअर. कंट्रोलरला वीज येते एका मोलेक्समधून (चार पिनांचा जुना पॉवर कनेक्टर), त्यात १२ व्होल्टची पिवळी वायर एकच. त्या एका पिनवर १५ अँपिअर सतत चालवणं धोक्याचं आहे. म्हणून ‘३० वॅट प्रति चॅनेल’ हा आकडा एखाद-दुसऱ्या चॅनेलपुरता धरा, सहाही एकदम नाही.

तिसरी मर्यादा म्हणजे वीज आत येते तो कनेक्टर. साटा पॉवर कनेक्टरला (हार्ड डिस्कला वीज देणारा चपटा प्लग) १५ पिना असतात, त्यातल्या तीन १२ व्होल्टच्या. प्रत्येक पिनची क्षमता १.५ अँपिअर, म्हणजे एकूण ४.५ अँपिअर, ५४ वॅट. साटावर चालणाऱ्या कोणत्याही हबला ही भिंत ओलांडता येत नाही, मग त्यावर पोर्ट कितीही असोत. ५४ वॅटसुद्धा नव्या, घट्ट बसलेल्या, स्वच्छ कनेक्टरचा आकडा आहे. दहा वेळा काढून-लावून सैल झालेल्या कनेक्टरवर तो गृहीत धरू नये.

एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, इथे जवळजवळ कधीच कमी पडत नाही. ५०० वॅटच्या साध्या सप्लायचीही १२ व्होल्टची बाजू तीसेक अँपिअर देते आणि सगळे पंखे मिळून दोन-तीन अँपिअर घेतात. पंखे बंद पडतात म्हणून मोठा एसएमपीएस घेण्यात पैसे घालवू नका.

पंखा किती करंट घेतो

पंख्याच्या मधल्या गोल स्टिकरवर ‘१२ व्होल्ट, ०.१४ अँपिअर’ असं लिहिलेलं असतं. काहींवर फक्त वॅट असतात, त्यांना १२ ने भागा. १२० मिमीच्या साध्या, शांत पंख्यांचा आकडा ०.०५ ते ०.२० च्या आसपास येतो. नॉक्टुआचा एनएफ-ए१२एक्स२५ ०.१४ अँपिअर घेतो, तर त्याच कंपनीचा ३,००० आरपीएमचा इंडस्ट्रियल पंखा ०.३० अँपिअर. आकार तोच, करंट दुपटीहून जास्त. त्यामुळे ‘सहा पंखे चालतात का?’ या प्रश्नाला पंख्याचं लेबल वाचल्याशिवाय उत्तर देताच येत नाही.

जुन्या सर्व्हरमधून काढलेले पंखे स्वस्तात मिळतात म्हणून वर्कशॉपच्या मशीनमध्ये सर्रास बसवले जातात. ३८ मिमी जाडीचा असा एकच पंखा १ अँपिअरच्या पुढे जाऊ शकतो. मदरबोर्डचं १ अँपिअरचं हेडर त्यानेच संपतं. असा पंखा हेडरवर लावला आणि हेडर कायमचं गेलं, अशी बोर्ड दुरुस्तीला येतात, आणि ती दुरुस्ती नव्या हबच्या किमतीपेक्षा महाग पडते.

लेबल पुसलेलं असेल किंवा त्यावर विश्वास नसेल तर मोजा. पीडब्ल्यूएम पंख्याची (वेगळ्या सिग्नलने वेग बदलणारा चार पिनांचा पंखा) चौथी पिन, म्हणजे सिग्नलची, मोकळी ठेवली की तो पूर्ण वेगाने फिरतो आणि मोजायचा असतो तो पूर्ण वेगाचाच करंट. पंख्याच्या चार पिना क्रमाने अशा: १ ग्राउंड, २ बारा व्होल्ट, ३ टॅको (पंख्याचा वेग कळवणारी), ४ पीडब्ल्यूएम. मल्टिमीटर १२ व्होल्टच्या वायरमध्ये मालिकेत जोडा आणि लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावा. मिलिअँपिअरच्या सॉकेटमध्ये लावलात तर पंखा सुरू होतानाच्या झटक्याने मीटरचा आतला फ्यूज उडू शकतो. मीटर अँपिअरवर असताना प्रोब थेट १२ व्होल्ट आणि ग्राउंडवर टेकवू नका, ते सरळ शॉर्टसर्किट आहे.

क्लॅम्प मीटर वापरणार असाल तर तो डीसी मोजणारा हवा. इलेक्ट्रिशियनकडचे बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि पंख्याच्या वायरवर शून्य दाखवतात. डीसी क्लॅम्पलाही ०.१ अँपिअर नीट कळत नाही. त्यासाठी फक्त १२ व्होल्टची वायर क्लॅम्पमधून दहा वेढे देऊन न्या आणि येणारा आकडा दहाने भागा. चारही वायरी एकत्र क्लॅम्पमध्ये घेतल्या तर जाणारा-येणारा करंट एकमेकांना खोडतो आणि काहीच दिसत नाही.

मोजताना पंखा जागेवर बसवलेला असू द्या, फिल्टर आणि रेडिएटरसकट. मोकळ्या टेबलावरचा आकडा आणि धुळीने बुजलेल्या फिल्टरमागचा आकडा वेगळे येतात.

सुरुवातीचा झटका

थांबलेली मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा बरीच जास्त ओढते. फिरती मोटर स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते आणि त्याने करंट आटोक्यात राहतो. थांबलेल्या मोटरमध्ये ते नसतं. चार पिनांच्या पंख्यांसाठीच्या इंटेलच्या स्पेसिफिकेशनमध्ये चालू स्थितीत कमाल १.५ अँपिअर आणि सुरुवातीला १ सेकंदापर्यंत २.२ अँपिअर अशी मुभा आहे. ही कमाल मर्यादा झाली, छोटे पंखे याच्या कितीतरी खाली असतात, पण हिशेबासाठी सुरुवातीचा करंट लेबलच्या दुप्पट धरलेला बरा.

पॉलिफ्यूज मंद असतो, एका सेकंदाच्या झटक्याने तुटत नाही. पण व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरचा ट्रान्झिस्टर किंवा आयसी तुटू शकतो. वीज जाऊन परत आली आणि मशीन आपोआप सुरू झालं की सगळे पंखे एका क्षणी उठतात. नेमक्या अशा वेळी एखादा चॅनेल मरत असेल तर कारण हेच.

उन्हाळ्यातच का?

पॉलिफ्यूजवर लिहिलेला आकडा २० ते २५ अंश तापमानाचा असतो. भोवतालचं तापमान वाढलं की तो कमी करंटला तुटतो. ६० अंशांवर त्याची धरून ठेवण्याची क्षमता साधारण दोन तृतीयांशावर येते. खोलीत ४० अंश असतील तर बंद कॅबिनेटमध्ये, त्यातही ग्राफिक्स कार्डाच्या वरच्या भागात, ५० ते ६० अंश सहज होतात. बरेचसे कंट्रोलर तिथेच, वरच्या खणात किंवा मदरबोर्डच्या मागच्या कोंदट जागेत डबल टेपने चिकटवलेले असतात. जानेवारीत १ अँपिअर धरणारा फ्यूज मे महिन्यात ०.६५ ला सोडतो आणि ०.७ अँपिअरचे पंखे दुपारी थांबतात. पंखे थांबले, लोड सुटला, फ्यूज थंड झाला, पंखे सुरू. चक्र असं चालतं.

फ्यूज दर वेळी तुटून जुळतो तसा त्याचा मूळ रेझिस्टन्स थोडा वाढत जातो, म्हणून पुढच्या खेपेला तो आणखी लवकर तुटतो. ‘मागच्या वर्षी चाललं, यंदा नाही’ याचं हे साधं कारण आहे.

वेग कमी केला तर कंट्रोलर जास्त तापतो

इथे जरा थांबून समजून घ्या, कारण निदान बहुतेक वेळा इथेच चुकतं. नॉबने पंख्यांचं व्होल्टेज कमी करणारे बरेच कंट्रोलर लिनिअर प्रकारचे असतात. पंख्याला ७ व्होल्ट द्यायचे तर उरलेले ५ व्होल्ट ट्रान्झिस्टर उष्णतेत घालवतो.

आकड्यांत पाहू. एका चॅनेलवर ०.२० अँपिअरचे चार पंखे, १२ व्होल्टवर एकूण ०.८. पूर्ण वेगाला ट्रान्झिस्टरवर अर्धा-एक व्होल्ट पडतो, म्हणजे पाऊण वॅटच्या आत उष्णता. नॉब मध्यावर आणून ७ व्होल्ट केले की पंख्यांचा करंट अंदाजे निम्मा, ०.४ अँपिअर होतो, पण ट्रान्झिस्टरवर ५ व्होल्ट पडतात. ५ गुणिले ०.४ म्हणजे २ वॅट. टीओ-२२० आकाराचा ट्रान्झिस्टर हीटसिंकशिवाय (उष्णता पसरवणारी धातूची पट्टी) वॅटमागे साधारण ६० अंश तापतो. २ वॅटला १२० अंश, त्यात कॅबिनेटचे ५०. एकूण १७०. अशा ट्रान्झिस्टरची मर्यादा बहुधा १५० असते. तोच ट्रान्झिस्टर वॅटमागे २० अंशांच्या छोट्या हीटसिंकवर असेल तर ९० अंशांवर थांबतो आणि वर्षानुवर्षं चालतो.

म्हणून आवाज कमी करायला दुपारी नॉब मध्यावर ठेवणं हीच अशा कंट्रोलरची सगळ्यात वाईट अवस्था असते. पंखे मधल्या वेगाला थांबतात आणि पूर्ण वेगाला थांबत नाहीत, असं दिसलं तर दोष लिनिअर चॅनेलच्या उष्णतेचा आहे हे जवळजवळ नक्की. उलट, पूर्ण वेगालाच थांबत असतील तर फ्यूज किंवा कनेक्टरवरचा करंट जास्त आहे.

कंट्रोलर कोणत्या प्रकारचा हे बोर्ड बघून कळतं. अॅल्युमिनियमच्या पट्टीवर ओळीने तीन पायांचे ट्रान्झिस्टर असतील तर लिनिअर. प्रत्येक चॅनेलजवळ तांब्याच्या तारेची कॉइल असेल तर स्विचिंग, हा बराच थंड राहतो. चार पिनांचे पोर्ट आहेत, साटाची वायर आहे आणि बोर्डावर फारसे भागच नाहीत, तर तो साधा पीडब्ल्यूएम हब. तो पंख्यांना सरळ १२ व्होल्ट देतो आणि वेगाचा सिग्नल तेवढा वाटतो. त्यात तापायला काही नसतं. आमच्या मते नाशिकच्या हवेत हाच प्रकार घ्यावा.

मग किती पंखे?

चॅनेलवरच्या सगळ्या पंख्यांच्या लेबलवरच्या अँपिअरची बेरीज करा. साध्या पीडब्ल्यूएम हबवर किंवा मदरबोर्ड हेडरवर ती मर्यादेच्या ७५ टक्क्यांच्या आत ठेवा. व्होल्टेज कमी करणाऱ्या कंट्रोलरवर निम्म्याच्या आत. निम्मं हे फार काटेकोर वाटेल, पण उन्हाळ्यातली फ्यूजची घट आणि सुरुवातीचा दुप्पट झटका, दोन्ही त्यात सामावतात.

१ अँपिअरच्या हेडरवर याप्रमाणे ०.७५ अँपिअर वापरायला मिळतात. ०.१४ चे पाच पंखे, किंवा ०.३० चे दोन.

१० वॅटच्या चॅनेलवर ०.४१ अँपिअर: ०.१४ चे दोन बिनधास्त, तीन अगदी काठावर. ०.३० चा एकच.

२० वॅटच्या चॅनेलवर ०.८३: ०.१४ चे पाच, ०.३० चे दोन.

३० वॅटच्या चॅनेलवर १.२५: ०.१४ चे आठ, ०.३० चे चार. इथे एकूण बेरीज मोलेक्सवर किती येते तेही बघा. एका मोलेक्सवर सतत ५ अँपिअरच्या पुढे जाऊ नये.

साटावरच्या हबवर ४.५ चे ७५ टक्के म्हणजे सुमारे ३.३७ अँपिअर. ०.१४ चे पंखे असतील तर दहाही पोर्ट भरा, बेरीज १.४ च होते. ०.३० चे दहा लावले तर ३ अँपिअर, चालतं. ०.५० चे दहा म्हणजे ५ अँपिअर, कनेक्टरच्या मर्यादेच्याच बाहेर. असे सहाच लावा.

दिव्यांचा हिशेब वेगळा

एआरजीबी पंख्यांचे, म्हणजे रंग बदलणाऱ्या एलईडींच्या पंख्यांचे, दिवे ५ व्होल्टवर चालतात आणि त्यांचा भार पंख्याच्या १२ व्होल्टमध्ये धरायचा नसतो, पण विसरायचाही नसतो. या जातीची एक एलईडी पूर्ण पांढऱ्या प्रकाशात ६० मिलिअँपिअरपर्यंत घेते. बारा एलईडींचा पंखा ०.७२ अँपिअर. मदरबोर्डच्या ५ व्होल्टच्या एआरजीबी हेडरची मर्यादा बहुधा ३ अँपिअर असते, म्हणजे असे चार पंखे. पाचवा लावला की शेवटच्या पंख्याचा पांढरा रंग पिवळट-तांबूस दिसू लागतो, हे व्होल्टेज खाली आल्याचं चिन्ह. तीन पिनांची एआरजीबी वायर चार पिनांच्या १२ व्होल्टच्या आरजीबी हेडरवर जबरदस्तीने बसवू नका, दिवे क्षणात जातात. दिवे आणि मोटर एकाच चार पिनांच्या प्लगवर असणारे पंखेही मिळतात. त्यांच्या लेबलवरचा आकडा मोठा दिसतो तो दिव्यांसकट असतो.

शोधायचं कसं

आधी दोन निरीक्षणं लिहून ठेवा: पंखे थांबले तेव्हा नॉब किंवा सॉफ्टवेअरमधला वेग किती होता, आणि एकच चॅनेल थांबला की सगळे. एकच थांबला तर दोष त्या चॅनेलचा. सगळे एकदम थांबले तर कंट्रोलरला वीज देणाऱ्या कनेक्टरपासून सुरुवात करा.

मशीन बंद करून, प्लग काढून, तो कनेक्टर निरखून बघा. पांढरं प्लास्टिक पिवळं-तपकिरी झालंय का, एखादी पिन आत सरकलीय का, जळका वास येतोय का. मोलेक्समधून साटा काढणारे स्वस्त अॅडॉप्टर विशेष तपासा. ज्यांच्या वायरी प्लास्टिकमध्ये ओतून बसवलेल्या असतात ते आतल्या आत शॉर्ट होऊन पेटल्याचं सर्वांना माहीत आहे. ज्यात प्रत्येक वायर वेगळी खोचलेली आणि मागून दिसते तेच अॅडॉप्टर वापरा, किंवा अॅडॉप्टर टाळाच. साटामधून मोलेक्स काढून त्यावर जड कंट्रोलर चालवणंही तितकंच वाईट, कारण मर्यादा ४.५ अँपिअरचीच राहते. पावसाळ्यानंतर पिनांवर हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लिनर मारून, वाळवून, दोन-तीनदा काढून-घालून बघा. डाग गेले नाहीत तर कनेक्टर बदला.

मग मशीन सुरू करून, सगळे पंखे पूर्ण वेगाला ठेवून कंट्रोलरच्या आत येणारं व्होल्टेज मोजा. काळा प्रोब ग्राउंडवर, लाल १२ व्होल्टवर. ११.४ च्या खाली असेल तर एसएमपीएसच्या केबलचं दुसरं टोक मोजा. तिथे ११.९ आणि इथे ११.२ येत असेल तर मधला जोड खराब आहे.

आता थांबलेल्या चॅनेलची १ आणि २ क्रमांकाची पिन. पंखे जोडलेले असताना जवळजवळ काहीच व्होल्टेज नाही. सगळे पंखे काढले, पाच-दहा मिनिटं थांबलात आणि १२ परत आले: पॉलिफ्यूज तुटत होता. परत आलेच नाहीत: साधा एकदाच उडणारा फ्यूज, ट्रान्झिस्टर किंवा बोर्डावरची करंट वाहणारी तांब्याची पट्टी गेलेली आहे. चालू कंट्रोलरच्या ट्रान्झिस्टरला बोट लावून तापमान बघू नका, चामडी भाजते. थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या तारेचा) प्रोब असलेला मल्टिमीटर चालेल. इन्फ्रारेड बंदूक चकचकीत अॅल्युमिनियमवर चुकीचं आणि कमी तापमान दाखवते, तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा.

शेवटी खात्रीची चाचणी. त्या चॅनेलवरचे निम्मे पंखे दुसरीकडे हलवा आणि दुपारी दोन ते चार, नेहमीचं जड काम लावून, कॅबिनेट बंद ठेवून चालवा. संध्याकाळी गार हवेत, पॅनेल उघडं ठेवून घेतलेली चाचणी काही सिद्ध करत नाही.

पंखा फिरतोय पण स्क्रीनवर आरपीएम शून्य दिसतोय, तर तो विजेचा प्रश्न नाही. स्प्लिटरवर (एका हेडरवरून अनेक पंखे जोडणारी वायर) टॅकोची वायर एकाच पंख्याची जोडलेली असते. ती ज्या पोर्टवर आहे तो रिकामा राहिला की शून्य येतं. दोन पंख्यांचे टॅको एकत्र जोडले गेले तर आकडा वेडावाकडा उड्या मारतो.

हिवाळ्यातला उलटा दोष

डिसेंबर-जानेवारीत, निफाड-सिन्नर बाजूला तर जास्तच, सकाळी मशीन सुरू केल्यावर पंखा नुसता थरथरतो किंवा टिक-टिक करतो. बेअरिंगमधलं वंगण थंडीने घट्ट झालेलं असतं आणि कंट्रोलर ५ व्होल्टवर ठेवलेला असतो. बऱ्याच पंख्यांना सुरू व्हायला ५ ते ७ व्होल्ट लागतात, फिरत राहायला त्याहून कमी पुरतात. अडकलेला पंखा दर काही सेकंदांनी पुन्हा सुरू व्हायचा प्रयत्न करतो, तीच ती टिक-टिक, आणि दर वेळी तो सुरुवातीचा करंट ओढतो. उपाय सोपा आहे. किमान व्होल्टेज ७ ठेवा, पीडब्ल्यूएमवर किमान ३० टक्के. बायोसमध्ये सुरुवातीला पूर्ण वेग देण्याची सोय असेल तर ती चालू करा.

दुरुस्ती

पहिला उपाय फुकटचा: वाटणी. मागचा आणि समोरचा प्रत्येकी एक पंखा मदरबोर्डच्या वेगळ्या हेडरवर न्या. ज्यांचा वेग बदलायची गरजच नसते, असे हळू पंखे थेट एसएमपीएसवरून १२ व्होल्टवर चालवा. तेवढ्यानेच बहुतेक चॅनेल मर्यादेत येतात.

पंखे सहाच्या वर असतील तर साटावर चालणारा पीडब्ल्यूएम हब घ्या आणि त्याला एसएमपीएसची स्वतंत्र केबल द्या. हार्ड डिस्क, एआरजीबी कंट्रोलर आणि फॅन हब एकाच केबलच्या एकामागोमाग तीन प्लगांवर नकोत. मदरबोर्डकडून हबला फक्त सिग्नल आणि टॅको यावा. हबच्या त्या वायरीत १२ व्होल्टची पिन रिकामी आहे ना, हे लावण्याआधी बघा. ती जोडलेली असेल तर भार पुन्हा मदरबोर्डवरही येऊ शकतो. तीन पिनांचे पंखे अशा हबवर कायम पूर्ण वेगाने फिरतात, त्यांचा आवाज नको असेल तर ते मदरबोर्डवर डीसी मोडमध्ये (व्होल्टेज कमी करून वेग बदलणारी सेटिंग) लावा. एसएमपीएसकडून वेगळी वीज न घेणारे साधे वाय-स्प्लिटर वापरताना एका हेडरवर चार-पाच पंख्यांपुढे जाऊ नका, सगळे मिळून अँपिअर कमी भरत असले तरी. प्रत्येक पंखा सिग्नलच्या वायरवरही थोडा भार टाकतो आणि पंखे वाढले की वेगाचं नियंत्रण ढिलं पडतं.

जुना लिनिअर कंट्रोलर ठेवायचाच असेल तर प्रत्येक चॅनेलवर निम्मा भार, नॉब एकतर पूर्ण किंवा नऊ व्होल्टच्या वर, आणि हीटसिंकवर येती हवा. बंद खणात कोंडलेल्या हीटसिंकचा उपयोग फार थोडा.

अंबड-सातपूरच्या शॉप फ्लोअरवरच्या मशीनसाठी एक वेगळी सूचना. तिथल्या धुळीत लोखंड-अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि ते वीज वाहतात. हबच्या उघड्या पिनांवर आणि कंट्रोलरच्या बोर्डावर असा थर बसला की पंख्यांची संख्या बरोबर असूनही चॅनेल शॉर्ट होतो. समोर जाळीचा फिल्टर, पंधरा दिवसांनी साफसफाई, आणि हबचे रिकामे पोर्ट टोपी किंवा टेपने झाकलेले. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा मर्यादेबाहेर वेगाने फिरला की बेअरिंग जातं आणि मोटर उलटं व्होल्टेज कंट्रोलरकडे ढकलते.

पॉलिफ्यूज सारखा तुटतो म्हणून त्यावर वायर टाकून तो बायपास करायचा सल्ला कुणी दिला तर साफ नाही म्हणा. तो तुटतोय म्हणून बोर्डावरची पट्टी आणि कनेक्टर अजून शाबूत आहेत. जास्त अँपिअरचा फ्यूज लावणंही चुकीचंच, कारण पुढची पट्टी, पिन आणि वायर तेवढ्यासाठी बनलेली नसते. एखादा चॅनेल कायमचा गेला असेल तर त्याच आकड्याचा फ्यूज आणि त्याच क्रमांकाचा ट्रान्झिस्टर घालून तो दुरुस्त होतो. मात्र बोर्डावरची पट्टी करपून उचललेली असेल, किंवा दोनपेक्षा जास्त चॅनेल गेले असतील, तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, हब बदला. नवा लावल्यावर सगळ्या पंख्यांच्या अँपिअरची बेरीज कागदावर लिहून साइड पॅनेलच्या आतून चिकटवा, म्हणजे पुढच्या वेळी पंखा वाढवणाऱ्याला किती जागा उरली आहे ते लगेच दिसेल.